लाइट गेली की बरं होणारं दुखणं

भूपेश मोहुर्लेचा असा कोणावर विश्वास नव्हताच. गोल बाजारात मासोळी घ्यायला गेला, की आधी तराजूच्या पारड्याखालून हात फिरवायचा. तिथं काही चिकटवलं तर नाही ना, पाहायचा. मूल तालुक्यातल्या गावाहून आईनं तांदूळ पाठवला, की दाणा दाताखाली धरायचा आणि आईलाच फोन लावून विचारायचा, हा आपल्याच शेतातला, आपल्याच बांधीतला ना. त्याची बायको दिव्यानी आल्यागेल्या पाहुण्याला एक गोष्ट हमखास सांगे. लग्नात आंतरपाट धरला, लोकं अक्षता टाकायला हात उचलून उभे, आणि नवरदेव आंतरपाटाच्या कडेनं डोकावून पाहतो आहे, की आपण पसंत केली तीच पोरगी उभी आहे की तिच्या जागी दुसरी. पाहुणे हसत. भूपेश मात्र दर वेळी गंभीरपणे म्हणे, "मंग, पाहून नाई घ्याचं का?"

धंदाही त्याला स्वभावाला साजेसा मिळाला. चंद्रपूरच्या एका लहानशा एजन्सीत तो नेटवर्कचं काम पाहायचा. एका शिक्षणसंस्थेच्या शाळा-कॉलेजं मूलपासून चामोर्शीपर्यंत पसरलेली; तिथल्या तारा, डबे, कॅमेरे चंद्रपुरात बसून स्क्रीनवर पाहायचे आणि काही बिघडलं की तिथल्या माणसाला फोन करायचा. तो सांगायचा, मशीन बंद करून परत चालू करा. पलीकडचा माणूस खुर्चीतून न उठता म्हणायचा, केलो जी, आत्ताच केलो. आणि भूपेशला समोर दिसत असायचं, की ते मशीन पोळ्यापासून एकदाही बंद झालेलं नाही. अशी वर्षं काढल्यावर त्याचं मत बनून गेलं. यंत्राला खोटं बोलता येत नाही. लोचा जो असतो तो माणसात असतो.

त्या साली धानकापणीच्या दिवसांत चामोर्शी तालुक्यातल्या कॉलेजाचं दुखणं निघालं.

तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीत एक स्विच होता. स्विच म्हणजे लोखंडाचा चपटा डबा. सगळ्या खोल्यांच्या तारा येऊन त्याच्या खाचांमध्ये, म्हणजे पोर्टांमध्ये अडकतात, आणि कोणाचा निरोप कोणाकडे धाडायचा ते तो ठरवतो. पोरांचं इंटरनेट, ऑफिसचं काम, कॅमेरे, सगळं त्यातूनच जातं. पण त्याच तारांमधून एक वाट वेगळी राखलेली असते. जंगलात मोठा रस्ता सगळ्यांचा असतो आणि एखादी पायवाट फक्त गार्डाच्या फिरण्याची, तशी. भूपेशच्या धंद्यातले लोक तिला मॅनेजमेंट व्हीएलॅन म्हणतात. त्या वाटेनं चंद्रपूरहून स्विचला दिवसभर हाक जाते आणि स्विच ओ देतो. ओ आली की स्क्रीनवर हिरवा ठिपका. नाही आली की लाल.

चामोर्शीचा ठिपका हिरवा-लाल, हिरवा-लाल करायला लागला. काही हाकांना ओ येई, मग काही हाका कुठंतरी गडप होत, मग पुन्हा सगळं सुरळीत. कॉलेजातून तक्रार एक नाही. पोरं मजेत व्हिडिओ पाहत होती, ऑफिसात फॉर्म भरले जात होते. मोठा रस्ता धडधाकट होता, गार्डाची पायवाट तेवढी मध्येच बुजत होती.

कोणी तक्रार केली नसती तर भूपेशनं कदाचित दुर्लक्षही केलं असतं. पण संस्थेच्या चंद्रपूर ऑफिसात भैयाजी बसायचे. ऑफिसचा सगळा कारभार त्यांच्या हातात. आडनाव फार थोड्यांना ठाऊक. भैयाजींना नेटवर्कमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लाल रंग कळत होता. त्यांनी भूपेशला बोलावून सांगितलं, की तुझ्या एजन्सीला काम पुढं द्यायचं की नाही हे याच महिन्यात ठरतं आहे, तेव्हा हा लाल ठिपका कशाचा ते शोध, आणि नुसतं मशीन बिघडलं म्हणू नको, कोणामुळं बिघडलं ते सांग.

कोणामुळं, हा शब्द भूपेशला एकदम पटला.

त्यानं चंद्रपूरच्या टोकाची तार बदलली, जोडणी बदलली, सेटिंग उलटीपालटी करून पाहिली. फरक शून्य. मग तो ठिपक्याच्या वागण्यावर पाळत ठेवून बसला. तेव्हा त्याला दिसलं, की संध्याकाळी कॉलेज बंद झालं की ठिपका हिरवागार होतो आणि रात्रभर हिरवाच राहतो. सकाळी खोली उघडली की रोग सुरू. म्हणजे खोलीत माणूस असला की बिघाड, माणूस गेला की ठीक.

त्याहून नवल दुसऱ्या गोष्टीचं. चामोर्शीकडं लाइट वरचेवर जायची. लाइट गेली की स्विच बंद पडत नसे, कारण त्याला आणि कॅमेऱ्यांना बॅटरीवाल्या यूपीएसची वेगळी लाइन होती. पण लाइट गेली की हाका हरवायच्या थांबत. लाइट आली की पुन्हा हरवू लागत. आयुष्यात पहिल्यांदाच भूपेश असं दुखणं पाहत होता, जे लाइट गेल्यावर बरं होतं.

एक दिवस लाइट गेली तेव्हा त्यानं व्हरांड्यातला कॅमेरा लावून पाहिला. खोलीतून शिपाई मनसाराम बाहेर आला. हातात स्टूल. पंखा बंद झाला म्हणून त्यानं स्टूल व्हरांड्यात मांडलं आणि दुपट्ट्यानं वारा घेत बसला. लाइट आली. मनसाराम स्टूल उचलून आत गेला. ठिपका लाल झाला.

भूपेशनं मांडीवर हात मारला.

मनसाराम त्या खोलीचा शिपाई. काळा, उंच, पन्नाशी उलटलेला माणूस, मार्कंड्याच्या वाटेवरच्या एका गावचा, घरी थोडी धानाची शेती. कॉलेज निघालं तेव्हापासून रोजंदारीवर होता आणि यंदा कायम होणार होता. बोलायला गोड. चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. भूपेशला आजवर तो बरा वाटायचा, आणि आता तेच त्याला खटकायला लागलं. इतका गोड माणूस विनाकारण कशाला असेल?

कारणही लवकरच सापडलं. रोशन नावाचा पोरगा पूर्वी भूपेशच्याच हाताखाली होता, तो सोडून दुसऱ्या एजन्सीत गेला होता. ती एजन्सी संस्थेच्या कामावर डोळा ठेवून होती. आणि कॅमेऱ्याच्या जुन्या चित्रणात रोशन मनसारामजवळ व्हरांड्यात बसून चहा पिताना दिसला, दसऱ्याच्या आगेमागे. भूपेशनं इकडून तिकडून विचारलं, तर रोशन मनसारामच्या बहिणीचा मुलगा निघाला.

मग त्यानं स्विचमधली नोंद उघडली. तिथं दिसलं, की शेवटच्या पोर्टात रोज सकाळी काहीतरी चालू होतं आणि संध्याकाळी बंद होतं. लाइट गेली की बंद, आली की चालू. ते पोर्ट भूपेशनं स्वतःच्या लॅपटॉपसाठी त्याच गार्डाच्या पायवाटेला जोडून मोकळं ठेवलेलं होतं. तिथं दुसऱ्या कोणाची तार असण्याचं कारणच नव्हतं. म्हणजे रोशननं मामाला एखादा डबा दिला, मामा सकाळी तो लावतो, उठून बाहेर जाताना काढतो. झालं. सगळं बसलं.

भूपेशला चंद्रपुरात बसल्या बसल्या ते पोर्ट बंद करता आलं असतं. एक ओळ टाइप करायची, दुखणं खल्लास. त्याच्या मनातही आलं. पण पोर्ट बंद केलं तर मनसाराम सावध झाला असता, डबा लपवला असता, आणि मग भैयाजींना दाखवणार काय. त्याला दुखणं बरं करायचं नव्हतं. चोर पकडायचा होता.

दिव्यानीला त्यानं हे सगळं जेवताना सांगितलं. ती ऐकून म्हणाली, त्या मनसारामभाऊनं आपल्या पोराच्या बारशाले तांदूळ पाठवला होता ना, तो तुमी तपासला होता का?

"तपासलो होतो," भूपेश म्हणाला. "चांगला होता. तेवाच शंका याले पाह्यजे होती."

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता तो निघाला. मूल गेलं, सावली गेली, वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली आली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे पुंजने रचलेले. चामोर्शीच्या गाडीची वाट पाहताना भैयाजींचा फोन आला. त्यांना आजच नाव हवं होतं, कायम करायच्या कागदांवर संध्याकाळी सह्या व्हायच्या होत्या. भूपेशच्या हातात अजून डबा नव्हता. पण खात्री होती.

"मनसाराम आहे जी," तो म्हणाला. "आत्ता पुरावा घेऊन दाखवतो."

भैयाजी म्हणाले, मंग त्याची फाईल मी बाजूला ठेवतो, उद्यापासून त्याले येऊ नको म्हणून सांगतो.

कॉलेजात पोचला तेव्हा लाइट गेलेली. मनसाराम व्हरांड्यात स्टुलावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. भूपेशला पाहून उठला, अरे आले का जी भूपेशभाऊ, फोन त करायचा, म्हणून हसला. भूपेश हसला नाही. लॅपटॉप उघडून त्यानं पाहिलं, ठिपका हिरवा. एकही हाक हरवत नव्हती. त्याच्या डोक्यात लगेच आलं, याला कोणीतरी कळवलं, यानं डबा काढून ठेवला. कळवणार कोण, तर गडचिरोलीच्या स्टँडवर रोशनसारखा एक पोरगा दिसला होता खरा.

त्यानं खोलीत जाऊन टेबलाचे खण उघडले. कपाटामागं पाहिलं. स्विच ज्या लोखंडी कपाटात होता त्याला कुलूप होतं, किल्ली मनसारामच्या करदोड्याला. पण ज्या कुलपाची किल्ली आपल्याच कमरेला, तिथं चोर काढलेला माल काही ठेवत नाही. खिळ्याला मनसारामची थैली लटकत होती.

"मनसारामभाऊ, थैली दाखवा."

मनसारामला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यानं थैली खिळ्यावरून काढली, व्हरांड्यात आणली आणि उजेडात एकेक वस्तू फरशीवर मांडली. जेवणाचा डबा. डब्याचं झाकणही त्यानं स्वतःच उघडलं. भात, वांग्याची भाजी, वर सुकट. पाण्याची बाटली. खर्र्याच्या दोन पुड्या. चष्म्याचं घर. एक घडी केलेला टॉवेल, तो झटकून दाखवला. लायब्ररीतून बाहेर पडणारी पोरं थांबून पाहू लागली.

"आंगही झटकून दाखवू का जी?" मनसाराम म्हणाला.

तेवढ्यात लाइट आली. आतला पंखा घरघरला. व्हरांड्यात स्टुलावर बसलेल्या भूपेशच्या गुडघ्यावरच्या लॅपटॉपमधला ठिपका लाल झाला.

मनसाराम त्याच्यासमोर होता. त्याच्या दोन्ही हातांत टॉवेल होता. खोलीत कोणी नव्हतं.

भूपेश उठला, किल्ली मागितली, लोखंडी कपाट उघडलं. शेवटच्या पोर्टात एक पिवळी तार होती. ती कपाटाच्या मागच्या भोकातून बाहेर निघून भिंतीला चिकटून वर गेली होती, नीट, खिळे मारून. वर फळी होती. फळीवर देवीचा फोटो, वाळलेल्या झेंडूची माळ, उदबत्तीचं घर, आणि फोटोच्या बाजूला जरीच्या काठाचा लाल कपडा कशावर तरी पांघरलेला. कपड्याच्या विणीतून आत काहीतरी हिरवं टिमटिमत होतं. खोलीची झडती घेताना भूपेशची नजर त्या फळीवर गेली होती. देवाची जागा म्हणून त्यानं हात लावला नव्हता.

चप्पल काढून तो खुर्चीवर चढला आणि कपडा उचलला. खाली जुना स्विच होता. समोरच्या पट्टीवर हळद-कुंकू, वर वाळलेली आपट्याची पानं. श्रावणात त्यानंच हा काढून नवा बसवला होता. हा मरतुकडा झाला होता, पण मेला नव्हता. कबाडात टाका म्हणून तो मनसारामजवळ देऊन गेला होता.

"हे काय आहे?"

"तुमालेच ओळखू नाई येत का? तुमीच त काढला ना याले."

"पण हा इथी चालू काऊन आहे?"

मनसारामनं फरशीवरचा डबा बंद केला, सगळं पुन्हा थैलीत भरलं, आणि मगच बोलला. "पोळ्याले म्हातारा बैल तुमी गोठ्यात ठेवता का जी? आमी नाई ठेवत. कामाचा नसला तरी हळद-तुपानं त्याची खांदशेकणी करतो, झूल टाकतो, तोरणाखाली सगळ्यायच्या रांगेत उभा करतो. जलमभर राबला तो. खंडेनवमीले मी या खोलीतल्या सगळ्या मशिनीची पूजा केलो. अन यानं इतकी वर्सं काम केलन, याले कबाडात पडू द्याचं?"

"पूजा केली ते ठीक. वायर कायले लावली?"

"नुसता लाइट देलो त एकच दिवा लागे. मेल्यावानी दिसे. रोशन आला होता तेवा, त्याले विचारलो. त्यानं म्हटलन, नव्याले जोडा मामा, मंग सगळे दिवे टिमटिमतील. तुमी लॅपटॉप जिथी लावता तिथी लावलो, शेवटच्याले शेवटचं. टिमटिमले. मंग काढाले जीव नाई झाला. सकाळी आलो की बोर्ड चालू करतो, याचे दिवे लागतात, उदबत्ती लावतो. जाताना बोर्ड बंद. कोणाचं काय बिघडत होतं?"

बोर्ड. खोलीचा बोर्ड साध्या लाइनवर होता आणि फळीजवळचा प्लग त्या बोर्डाचा. लाइट गेली की म्हातारा झोपे, आली की उठे. नवा मात्र बॅटरीवर अखंड जागा.

बाकीचं भूपेशला कोणी सांगायची गरज नव्हती. नवा बसवताना त्यानं जुन्याचाच पत्ता, म्हणजे ज्या नावानं चंद्रपूरहून हाक जाते तो, नव्याला दिला होता, म्हणजे चंद्रपूरच्या स्क्रीनवर काही बदलावं लागू नये. आणि जुन्यातला पत्ता पुसला नव्हता. कबाडात जाणाऱ्याचा पत्ता कोण पुसतो. खंडेनवमीपासून एका नावाचे दोघं त्या पायवाटेवर उभे होते. चंद्रपूरहून हाक आली की कधी नवा ती घेई, कधी म्हातारा. नव्यानं घेतली तर ओ पोचे. म्हाताऱ्यानं घेतली तर तोही बिचारा ओ देई, पण मधल्या काळात चंद्रपूरकडची वाट बदलली होती आणि त्याला जुनीच ठाऊक होती. त्याची ओ भलतीकडंच जाई. पोरांचं इंटरनेट या नावानं चालत नव्हतं, म्हणून त्यांना पत्ताच नव्हता. लॅपटॉप लावून त्यानं खात्री केली. प्रत्येक डब्याला कारखान्यातूनच स्वतःचा नंबर मिळालेला असतो; इथं एका पत्त्यावर असे दोन वेगवेगळे नंबर आळीपाळीनं उत्तर देत होते.

"हा काढा," भूपेश म्हणाला.

"मी नाई काढत," मनसाराम म्हणाला. "मी काढलो त मंग म्हणान, हातचलाखी केलन. तुमीच काढा. मी इथी उभा आहो, हात दिसतील असा."

भूपेशनं तार काढली. ठिपका हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. दोघंही पाहत राहिले. दोघांपैकी कोणालाच बरं वाटलं नाही.

मग त्यानं भैयाजींना फोन लावला. मनसारामसमोरच, कारण व्हरांड्यात गेला असता तर तेही वाईट दिसलं असतं. मघा नाव दिलं ते चुकीचं होतं, असं त्यानं सांगितलं. मनसारामची मान वळली. मघा नाव दिलं, हे त्याला आत्ताच कळत होतं.

पलीकडून भैयाजी म्हणाले, "काय खाऊ घातलन बे त्यानं तुले? सकाळी चोर होता, आता साव झाला?"

आजवर ही भाषा भूपेशची होती. त्यानं पूजेचं सांगितलं, म्हाताऱ्या बैलाचं सांगितलं. भैयाजी म्हणाले, गोष्टी नको सांगू. सह्यांची वेळ होत आली होती. समोर मनसाराम थैली छातीशी धरून उभा होता. त्याला वाचवायला आता एकच गोष्ट सांगायची उरली होती, आणि ती एजन्सीच्या कामावरच उलटणारी होती.

"जुन्या स्विचचा पत्ता मी पुसला नाई जी," भूपेश म्हणाला. "पुसला असता त वायर लावूनही काही झालं नसतं. वायर त्यानं लावली, पण चूक माझी आहे. मी लिहून देतो."

लिहून दे, भैयाजी म्हणाले. यावर त्यांचा लगेच विश्वास बसला.

मनसाराम कायम झाला. एजन्सीचं कामही राहिलं, पण भैयाजींनी नियम केला, की यापुढं भूपेश कुठंही गेला तर काम होईपर्यंत तिथला एक माणूस त्याच्याजवळ हजर राहील. दिव्यानीला हे कळलं तेव्हा ती हसली नाही, फक्त म्हणाली, आता तुमाले कळन कसं वाटते ते.

पुढच्या खंडेनवमीला मनसारामचा फोन आला, म्हाताऱ्याले रांगेत उभा कराचं आहे, येता का. भूपेश गेला. जुना स्विच त्यानं पहिल्यांदा पार कोरा केला, नाव ना पत्ता. मग एक तार घेऊन त्याच्याच एका पोर्टातून त्याच्याच दुसऱ्या पोर्टात घातली आणि नव्यापासून दूर ठेवला. आपलाच निरोप आपल्याला देत म्हातारा असा काही पेटला, की सगळे दिवे वेड्यासारखे टिमटिमू लागले. मनसारामनं कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. पण भूपेशनं लॅपटॉप उघडून हिरवा ठिपका दाखवेपर्यंत तो जवळून हलला नाही. पक्कं ना जी, त्यानं विचारलं, आणि थोड्या वेळानं परत विचारलं.

चहा झाला. प्रसादाचा नारळ फुटला. भूपेश निघाला तेव्हा मनसाराम दारात उभा होता.

"भूपेशभाऊ," तो म्हणाला, "थैली दाखवा जी."

चेहऱ्यावर हसू होतं की नाही, ते दारातल्या उजेडात कळत नव्हतं. भूपेशनं निरखून पाहिलं तरी कळलं नाही. त्यानं बॅग खांद्यावरून उतरवली, व्हरांड्यातल्या फरशीवर ठेवली आणि चेन उघडली. मनसाराम उकिडवा बसला, आणि सावकाश एकेक वस्तू बाहेर काढून पाहू लागला.